चिऊला पढवलेलं उत्तर

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. मी चिऊला घेऊन ताईकडे जातेय.

सकाळी वेणी घालताना चिऊ मला "मावशी" म्हणाली. वर म्हणते, "व्हिसावाल्यांचा फोन आला तर असंच म्हणायचं, बाबांनी शिकवलंय." मूल नसलेल्या नर्सला व्हिसा लवकर मिळतो, असं एजंट म्हणाला आणि तू पोटच्या पोरीला पढवलंस. रोज लोकांच्या चिघळलेल्या जखमा धुते मी, कधी किळस आली नाही. आज तुझी आली.

एजंटला अर्ज मागे घ्यायला सांगितलंय. नवा मी स्वतः भरेन, मुलगी आहे असं लिहून. नाही मिळाला व्हिसा तर इथली नोकरी आहेच.

आत्ता चप्पल घालता घालता चिऊ विचारतेय, "मग माझी आई कोण म्हणून सांगायची?" तिला काय सांगायचं ते ठरव, मगच ताईकडे ये.