शेवट माहीत असलेली गोष्ट

बंगळूर, रविवार

तीर्थरूप आबांस,
गडाच्या पायऱ्या न चढता इथूनच केलेला नमस्कार.

मी मजेत आहे. आईने दिलेलं नाचणीचं पीठ संपत आलं, पण माझी भाकरी अजून फुगत नाही.

काल सिनेमा पाहिला. आपण दोघांनी टीव्हीवर पाहिला होता ना, अंतराळयानातल्या एका हाताच्या कप्तानाचा? त्याच्या आधीची कथा आता आली आहे. मंगळावरचं शहर इतकं सुंदर की मी पॉपकॉर्न खायला विसरले. पण कप्तान जगणार हे आधीच माहीत, मग भीती कशाची? आणि त्याचा हात म्हणे यानाच्या दारात अडकून गेला! तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "कुणाच्या तरी पोराला वाचवताना गेला असंल." तुमचंच बरं होतं.

गडावर तुम्ही पर्यटकांना हिरकणीची गोष्ट सांगता. ती कडा उतरून बाळापाशी पोचली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तुम्ही मध्येच थांबून पाणी पिता, तेव्हा माणसं श्वास रोखून उभी राहतात. त्या दिग्दर्शकाला एकदा तुमच्याबरोबर गड चढवायला हवा.

आईने पाठवलेल्या फोटोत तुमच्या गुडघ्याला पट्टी दिसली. फोनवर विचारलं तर तुमचं एकच, "बरा हाय गो."

शेवट कळला, आबा. आता आधीचं सांगा, आणि मध्ये पाणी प्यायला थांबू नका.

वाट बघणारी,
ऋतिका