पायाचा नंबर

मी, सुताराची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा धाक नाही. शाळेत गेले नाही, रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकले. तेव्हा भाषेत चूक निघाली तरी इच्छेत काढू नये.

१. राहते घर धाकट्या दिरांना मिळणार नाही. परवा ते येऊन खिडक्या मोजून गेले, म्हणून स्पष्ट लिहिते.

वणव्यात आमचे जुने घर जळाले, तेव्हा आम्ही दोघे अनवाणी त्यांच्या दारात गेलो. ते दार चौकटीसकट ह्यांनीच बसवून दिलेले. दिरांनी अर्धेच उघडले.

"वहिनी, किती दिवस म्हणता?"

ह्यांनी बिजागरीकडे पाहिले आणि मागे वळले.

शाळेच्या सभागृहात आसरा मिळाला. तिथे लोकांनी जुन्या कपड्यांचे ढीग टाकले होते. ह्यांच्या वाट्याला कुणाचा तरी लग्नातला कोट आला. "नवरदेव तयार आहे, जोडे कुणी पळवले?" म्हणत हसले, आणि त्या हसण्यातून सुरू झालेला खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

ओळख ना पाळख, एक शिंपीणबाई जवळ येऊन बसल्या. एवढेच विचारले, "पायाचा नंबर किती?" संध्याकाळी दोघांच्या मापाच्या नव्या चपला आल्या. त्या घालून ह्यांनी हे घर उभे केले.

२. म्हणून घर शिंपीणबाईंच्या ताब्यात द्यावे. आगीत घर गेलेल्यांनी येथे राहावे. स्वयंपाक त्यांचा त्यांना करू द्यावा. हात रिकामे राहिले की आग डोळ्यांपुढे येते. किती दिवस, हे कोणी विचारू नये.

३. ह्यांची हत्यारे वणव्यानंतर गावच्या लोहारदादांनी दिलेली. जो आपले घर पुन्हा बांधेल, त्याने ती वापरावीत. गंजू देऊ नयेत.

४. तो कोट दिरांना परत द्यावा. त्यांच्याच लग्नातला आहे. वरचे बटण मीच शिवून दिलेले. दार अर्धे उघडणाऱ्याने कोट मात्र ढिगात पाठवला. ह्यांनीही ओळखला असणार. आम्ही एकमेकांना कधी सांगितले नाही.

५. वणवा नाते पाहून येत नाही. उद्या दीर या दारात उभे राहिले, तर दार पूर्ण उघडावे. मी माफ केले असा अर्थ काढू नये. त्यांना आत घ्यावे, बसवावे आणि पायाचा नंबर विचारावा.

सही: सुतारीणबाई
साक्षीदार: लोहारदादा (सही), शाळेचे शिपाई (सही). शिंपीणबाईंची सही घेतलेली नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, एवढे मी वाचले आहे.
ठिकाण: याच घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ३ मार्च, गवत वाळू लागले आहे