सतरा नंबरची डबी

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबर धरते, तेव्हा आठांपैकी सहा अंगांचाच समज. उरलेली दोन भेटीत करीन.)

तुझा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? चष्म्याचा नंबर तपासून घेतलास का, हेही विचारणार होते, पण मग तुला वाटेल की हिच्या मनात काहीतरी आहे. म्हणून आधीच सांगते, काही नाही. परवा धाकटीचा फोन आला होता. तुझीच मुलगी ती, तिचा आवाज तुला माहीत आहे. रडत नसते, पण ऐकणाऱ्याला रडू येतं. म्हणाली, येत्या पहिल्या तारखेपासून नातीला गाडीने शाळेत सोडायचं काम बाबांनी अंगावर घेतलंय आणि माझा जीव टांगणीला लागलाय, पण त्यांना सांगायचं कुणी, तर तू सांग. मी तिला स्वच्छ सांगितलं, ज्या माणसाने मला गाडी शिकवली त्याला बहात्तराव्या वर्षी मी काय शिकवणार. तेव्हा हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र माझ्या फजितीबद्दल आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणत मामीच्या हातात देतोस. पत्र तसं देता येत नाही. तिचा चष्मा कधी सापडत नाही, म्हणजे ते तुलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागणार.

माझी नोकरी तुला अजून नीट कळलेली नाही हे मी जाणून आहे. बसकंपनीत सुरक्षा अधिकारी म्हटल्यावर तू शेजाऱ्यांना सांगितलंस की भाचीला गेटवर बसवलंय. तर मामा, मी गेटवर नसते. वरच्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत बसते, आणि आमच्या अठ्ठावीस बस रस्त्यावर कशा चालतात ते बघते. गेल्या वर्षी आमच्या एका बसची एका सायकलवाल्याला धडक बसली. तो वाचला, पण त्याचा उजवा हात पहिल्यासारखा झाला नाही. तो सुतार होता. त्यानंतर कंपनीने प्रत्येक बसमध्ये एक डबी बसवली, काड्यापेटीहून जरा मोठी. बस किती वेगाने गेली, ब्रेक किती अचानक लागला, वळण किती जोरात घेतलं, सगळं ती टिपते आणि आठवड्याच्या शेवटी शंभरपैकी एक आकडा देते. ती ओरडत नाही, टोमणे मारत नाही. घरात असं एक माणूस असतं तर काय बहार झाली असती. (माझा नवरा हे वाक्य वाचून गेला आणि काही बोलला नाही. म्हणजे आहे बहुतेक.)

ड्रायव्हर मंडळी आधी फुरंगटली. आमच्यावर विश्वास नाही का, असं झालं. मग एकजण मागून म्हणाला, ऑफिसवाल्यांच्या गाड्यांनाही लावा की. सगळे हसले. मी चिडले आणि म्हणाले, लावा, पहिली माझ्या गाडीला. शिवाय मी एक नियम काढला, ज्याचा मला फार अभिमान होता: डबीला फक्त नंबर असेल, नाव नाही. कुठला नंबर कुणाचा याची वही मॅनेजरच्या कपाटात बंद. नाव दिसलं की माणूस आकडा वाचत नाही, नावच वाचतो, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणाले होते. ज्याची डबी त्याच्या गुडघ्याजवळ, त्यामुळे ड्रायव्हरांना आपापला नंबर रोज दिसायचा. माझ्या गाडीत मेकॅनिकने ती स्टिअरिंगच्या खाली आत चिकटवली. नंबर बघायचा तर आडवं पडावं लागलं असतं. मी पडले नाही.

आठवड्याने पहिले आकडे आले. बहुतेक सत्तरीच्या पुढे. एकच तळाला, नंबर सतरा, एक्केचाळीस. मामा, मी त्या सतरा नंबरवर दोन दिवस काम केलं. आलेख काढला, रंगवला. सोमवारी सकाळी विश्रांतीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि पंचवीस मिनिटं बोलले. म्हणाले, हा माणूस समोरच्याचा अंत बघतो. रस्ता आपल्या आजोबांनी बांधल्यासारखा चालवतो. शेवटच्या क्षणापर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत नाही आणि मग धाडकन ब्रेक मारतो, आठवड्यात अकरा वेळा, त्यातले नऊ शाळेच्या चौकात, सकाळी नवाच्या आत. आपली बस त्या चौकातून जातच नाही, म्हणजे हा मार्ग सोडूनही हिंडतो (हे कलम मी वरून लावलं). आणि शेवटी, आवाज खाली आणून म्हणाले, मी स्वतः रोज त्याच वेळी तिथून जाते, मला माहीत आहे तिथे किती लहान मुलं असतात.

खोलीत इतकी शांतता होती की मला वाटलं, बाई गं, काय परिणाम झालाय. तेवढ्यात आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने हात वर केला. त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला तीस वर्षं ते तेवढा एकच शब्द सांगत आलेत.

"मॅडम, एक विचारू? हा सतरा नंबर आमच्यात कुणाचाच नाही."

"असं कसं? कुणाचा तरी असेलच."

"तेच म्हणतो मी. कुणाचा तरी असेलच."

मी हातातल्या रंगवलेल्या आलेखाकडे बघितलं. सोमवार ते शुक्रवार, आठ पन्नास, शाळेचा चौक. शनिवारी भाजी मंडई. रविवारी आईकडे. माझा अख्खा आठवडा मी लाल शाईने अधोरेखित केला होता. कुणी हसलं नाही रे, हेच जास्त झोंबलं. एकजण फक्त म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, आपला आकडा बघून आम्हाला पण वाटलं होतं, हा दुसऱ्याचाच." मॅनेजरने कपाटातली वही काढायची तसदीही घेतली नाही.

सावकाशनी दुसऱ्या दिवशी आपणहून माझ्या शेजारी बसायची तयारी दाखवली. पहिला किलोमीटर माझ्या पायांकडेच बघत होते. मग म्हणाले, "कुणाकडून शिकलात?" मी अभिमानाने तुझं नाव सांगितलं. "चांगला हात आहे," ते म्हणाले, "पण मामांना ब्रेकचं वावडं होतं का?" आता मामा, मी खोटं कसं बोलू. तूच मला शिकवलं होतंस की ब्रेक म्हणजे औषध, अगदी गरज असेल तरच घ्यायचं, आणि आधी समोरचा घेतोय का ते बघायचं. मी एकोणीस वर्षांची होते, मला ते जगातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटलं होतं. सत्तावीस वर्षं मी ते पाळलं. सावकाश त्यावर एवढंच म्हणाले की समोर माणूस दिसला की आधी पाय उचलायचा, तो थांबणार का हे त्याला विचारत बसायचं नाही.

तरी माझं मन मानेना. एक्केचाळीस हा आकडा डबीचा, पण माझ्याकडेही एक आकडा होता: सत्तावीस वर्षांत शून्य अपघात. (तुझा तर चाळीस वर्षांत शून्य. तू तो सांगताना टेबलावर टिचकी मारतोस.) म्हणून मी एक दिवस रजा टाकली आणि सकाळी साडेआठला वही घेऊन चालत शाळेच्या चौकात जाऊन उभी राहिले. मला सिद्ध करायचं होतं की डबी चुकतेय. तिथे शाळेच्या एक मावशी मुलांना रस्ता ओलांडून देतात. जाड भिंगाचा चष्मा, हातात लाल फळी. मला वाटलं त्या विचारतील, तुम्ही कोण. त्या म्हणाल्या, "आज चालत आलात?"

मी विचारलं, तुम्ही मला ओळखता?

"तुम्हाला नाही ओळखत. गाडी ओळखते, पांढरी, पुढचा दिवा जरा पिवळा पडलेला. ती वळणावर दिसली की मी पोरांना एक पाऊल मागे घेते." मग माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमच्या एकटीचं नाही हो. असे पाच-सहा जण आहेत. सगळ्यांच्या गाड्या पाठ आहेत मला."

मामा, त्या चौकात मी तासभर उभी होते आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही. मी स्वतःला निष्णात समजत होते आणि रोज सकाळी एक बाई हात आडवा करून माझं निष्णातपण सांभाळत होती. माझ्या सत्तावीस वर्षांच्या शून्यात अशा किती जणांचे हात असतील, किती जण थबकले असतील, किती सायकली कडेला झाल्या असतील, किती अनोळखी लोकांनी माझ्याऐवजी ब्रेक दाबले असतील, याची नोंद कुठल्याच डबीत नाही. आपल्याला वाटतं आपलं काही झालं नाही. आपलं काही होऊ नये म्हणून बाकीचे राबत असतात.

आता सुधारतेय म्हणायची. पहिल्या आठवड्यात चौकाच्या इतक्या अलीकडे पाय उचलला की मागच्या रिक्षावाल्याने काच खाली करून, "काकू, बंद पडली का?" असं आपुलकीने विचारलं. नवरा म्हणाला, तुझ्या या साधुत्वापायी रोज दहा मिनिटं उशीर होतो. मी घड्याळ लावलं. एक मिनिट चाळीस सेकंद. त्याला आकडा दाखवला तर म्हणाला, मला दहाच वाटतात. (यावर डबी निघालेली नाही.) दुसऱ्या आठवड्यात त्रेसष्ट आले, तिसऱ्यात एकाहत्तर, चौथ्यात आईला दवाखान्यात न्यायची घाई होती तेव्हा पुन्हा अठ्ठावन्न. सवय ही माहेरच्या माणसासारखी, दार लावलं तरी मागच्या दाराने येते. पण काल चौकात मावशींनी मला बघून मुलांना मागे घेतलं नाही. फळी तशीच धरून गप्पा मारत राहिल्या. मला कुणी नमस्कार केला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं.

बाकी सगळं क्षेम. मामीला सांग, तिने दिलेलं तुळशीचं रोप जगलं आहे. पत्र इथेच पुरे करते, कारण मला तुला काहीच सांगायचं नव्हतं.

तुझीच,
तू शिकवलेली भाची

ता. क. — सोबतच्या पुडक्यात खाऊ नाही, डबी आहे. आमच्याकडची जास्तीची, मॅनेजरना विचारून घेतली आहे. धाकटी तुझ्या गाडीत बसवून देईल. आकडा फक्त तुझ्या फोनवर येईल. मला नाही, तिलाही नाही. महिनाभर एकटा चालव आणि एकट्याने बघ. कुणाला सांगू नकोस.

ता. क. २ — तो महिनाभर नातीला शाळेत चालत ने. धाकटीने मोजलंय, तिच्या पावलांनी चौदा मिनिटं. तुझा गुडघा धरून अठरा. महिन्यानंतर गाडी काढायची की नाही ते तू ठरव, मी विचारणारसुद्धा नाही. माझं एवढंच मागणं आहे आणि ते मला पहिल्याच ओळीत लिहायचं होतं.

ता. क. ३ — मागच्या खेपेला तू मला स्टेशनवरून घरी आणलंस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी सात वेळा मी पाय दाबला. मी मोजले. घराशी उतरल्यावर तुला म्हणाले, "मामा, हात काय साफ आहे रे तुझा अजून." तुझं मन राखायला म्हणाले. तेव्हा मागच्या सीटवर कुणी नव्हतं.