तळ्याचा निळा रंग

मंगळवार, संध्याकाळ

नकाशावरून तळं गेलंय. आमच्या सोसायटीमागचा धारण तलाव, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरणारा. त्या खुल्या नकाशाच्या साइटवर कालपर्यंत निळा होता, आज करडा. वर लिहिलंय 'मोकळी जागा'. हा नकाशा कुणीही बदलू शकतं, मान्य. पण बदलावासा वाटला कुणाला? सॅटेलाइटचं चित्र लावलं, पाणी दिसतंय. खिडकीतूनही दिसतंय.

सेक्रेटरी सावंतांना विचारलं. तिथं पार्किंग मागण्याचा ठराव त्यांचाच. हसले. "अहो मॅडम, कसलं तळं? डासांचं माहेर! तुमी पेपरवाले ना, उगाच टेन्शन घेता."

टेन्शन कसं नाही? आम्ही तळमजल्यावर. तळं बुजवलं तर पाणी पहिलं आमच्या घरात.

घरी येऊन निळा रंग परत भरला. एकट्या सुधीरला सांगितलं. नवऱ्याला नाही तर कुणाला सांगणार? चहा होईस्तोवर पुन्हा करडा. खाली शेरा: 'प्रत्यक्ष पाहून दुरुस्त केले.' म्हणजे कुणीतरी नजर ठेवून आहे. सावंतच?

कप घेऊन बाहेर आले. सुधीर म्हणाला, "झालं ना परत करडं? सोड आता. गाडीला जागा तरी मिळेल."

करडं झाल्याचं मी त्याला अजून सांगितलंच नव्हतं.