लाल फुलीखालचे तीन ठिपके

नगर, मंगळवार, १२ डिसेंबर १९७२

आज प्रॅक्टिकलला सुनंदावर उगाच डाफरलो. पारनेरकडची पोरगी, जर्नल तपासायला घेऊन आली. चुंबकत्वाच्या आलेखात मधले तीन ठिपके अगदी आडवे, एका रेषेत. मी लाल शाईनं त्यांवर फुली मारली.

"सुई अडकली असेल. टिचकी मारायची असते."

"मारली हुती सर. तीनदा बघितलं. करंट वाढवला तरी सुई जागची हलली न्हाई."

"मग रीडिंग बसवून घ्यायचं!"

हे मी म्हणालो. मास्तर म्हणून.

बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्याही आलेखात असेच तीन ठिपके आले होते. मी तपासत होतो त्या क्षारात अणू त्रिकोणात बसलेले. प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. दोघांचं जमतं; तिसऱ्यानं काय करावं? क्षार अतिथंड करून चुंबकीय क्षेत्र जोरदार वाढवत नेलं, तर चुंबकत्व कमाल मूल्याच्या एक तृतीयांशावर येऊन अडलं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. गाइड चिडतील. ठिपके पुसले, वक्र कसा सुरेख आला, पदवीही मिळाली.

यंत्रच असेल कदाचित. की ते त्रिकोणच हटून बसले होते? पुन्हा एकदा मोजलं असतं तर कळलं असतं. एकदाच. या पोरीनं तीनदा बघितलं.

उद्या तिला सांगायचं, माझं चुकलं. तिचे तीन ठिपके लाल फुलीखाली अजून दिसतात. माझे मी रबरानं पुसले होते.