तांदळातलं नाव

ता. ८ ऑक्टोबर १९९८
मळ्यातून, शिरूर

ती. आबा आन् आई,

तुमच्या दोघांच्या पायावर डोकं ठिवते. दत्तादादाला नमस्कार. भागीला लई लई.

पत्र लिवायला तसं काय कारण न्हाई. कांद्याची लागण सुरू हाय, दुपारच्याला जरा बसले तर आठवण आली. भागी वाचून दाखवील म्हून सोपं लिवते. भागे, गाडीवानी पळत वाचू नगं. आईला ऐकू जाईल असं वाच.

मी बरी हाय. माणसं चांगली हायेत. हे शिक्रापूरला कंपनीत जात्यात, कवा दिवसपाळी कवा रातपाळी, घरी आले की जेवून झोपत्यात. वाईट बोलत न्हाईत. तसं चांगलं पण बोलत न्हाईत, कमीच बोलत्यात. आत्याबाईंच्या हाताला चव हाय, माझी भाकरी अजून कडंला फाटती म्हून हसत्यात. आबा, तुम्ही पाणी बघून गेला हुता ती हीर अजून भरल्याली हाय.

ललिता पाच वर्षाची झाली. आधी माझ्याकडं येत नव्हती, आता माझ्या पदराला धरून हिंडती. तिची आई गेली तवा ती रांगत हुती, तिला काय आठवत न्हाई.

आई, तू दादाजवळ इचारलंस की टाक गळ्यात टोचतो का. न्हाई टोचत. अंगठ्याच्या नखायेवढा तर हाय. चांदीचा पत्रा आन् वर बाईचं तोंड. मंगळसूत्रातच ओवलाय. जेवताना पहिला घास त्याला लावायचा, नवं लुगडं पहिलं त्याला दावायचं, मंग आपुन नेसायचं. पहिलीचा मान पहिला, असं आत्याबाई म्हणत्यात. मान दिला की गेल्याली बाई घरावर रुसत न्हाई. सवय झाली मला.

दिवाळीला दादाला मुराळी धाडाल तवा फराळाचा डबा देऊ नका, हितं सगळं हाय. साडी पण नगं.

एकच मागणं हाय. तोंडानं मला सांगता येणार न्हाई, तुम्हाला म्हाईतच हाय मी कशी हाय ती. घरी आल्यावर मला राजी म्हणा. हितं समदी सविता म्हणत्यात आन् त्यांच्या जागी ते बरुबर असंल. पण तिथं चार दिवस राजी म्हणा. येवढंच पायजे.

तुमची लेक
राजश्री

(आबा, रागावू नका. हे नाव आत लिवलंय. पाकिटावर सौ. सविताच लिवलंय.)


ता. १९ जानेवारी १९९९
शिरूर

भागे,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकलंय. घरी न्हेऊ नगं आन् आईला वाचून दाखवू तर अजिबात नगं. वर्गात पण वाचू नगं, तू लगीच रडतीस.

संक्रांत झाली. हितल्या बाया वाणवसा करायला लांब लांब जात्यात, मला पण न्हेलं हुतं. काळी साडी नेसले. ललीला हलव्याचे दागिने केले तर तिनं संध्याकाळपातूर अर्धे खाल्ले. बांगडीला मुंग्या लागल्या हुत्या, तरी हातातून काढू देईना.

तुझं पत्र कवाच मिळालंय. तू लिवलंस, ताई, मी गिरणीतून दळण घिऊन आले तर तू न्हाई, भाऊबीज झाली आन् दुसऱ्या सकाळी मला न भेटता कशी गेलीस, माझं काय चुकलं. तुझं काय बी चुकलं न्हाई. काय लिवावं ते सुचंना म्हून कागद आणून तसाच ठिवला हुता.

तुला लग्नाआधीचं आठवतं का? आपुन वाकळंवर पडून नावं काढायचो. नवरा कुठलं नाव ठिवणार म्हून. तू म्हणायचीस पूजा. शेजारच्या बानूबाईची पोरगी म्हणायची मनीषा. मी काय म्हणत नव्हते पण मनात म्हणायचे, रेशमा असावं. चांगलंच वाटत हुतं तवा. नवं नाव म्हंजी नव्या बांगड्यांवानी वाटत हुतं. मंग लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं आन् समदी म्हणाली वाच, वाच. मी वाचलं, सविता. मला काय म्हाईत नव्हतं. मला वाटलं, साधं हाय पण बरं हाय.

पहिलीचं नाव सविता हुतं, हे मला हळद उतरल्यावर कळलं. ललीच्या आईचं.

आबांना ते आधीच म्हाईत हुतं. देवऋष्यानं सांगितलं हुतं म्हणं, की तिचा जीव पोरीत अडकलाय, येणारीला तिचंच नाव द्या आन् तिचा टाक गळ्यात घाला, म्हंजी तिला वाटंल आपुनच घरात हाय, मंग ती कुणाला तरास देणार न्हाई. आन् ह्यांचे चुलते संपतआप्पा काय म्हणाले म्हाईत हाय का? पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "बरं झालं की! रेशनकार्डावर नाव हायच, तहसीलचा हेलपाटा वाचला." समदी हसली. मी पण हसले भागे. खोटं कशाला लिवू. नव्या नवरीनं हसायचं असतं म्हून हसले.

हितं मला त्याचं येवढं वाटत नव्हतं. हितं मला नवंच समदं. ह्या घराला सविता पायजे हुती, मी झाले. पण मी म्हणायचे, आपल्या भांडगावला राजी तशीच हाय. चौफुल्याला उतरलं की मी तीच. म्हून तर पत्रात मागितलं. तू ते वाचलंस ना गं तिथपातूर? का गाळलंस? गाळलं असशील तरी मी रागावणार न्हाई. पण मला वाटतं वाचलंस.

कारण आई दारात पाणी ओवाळायला आली तवा माझ्याकडं बघितलंच न्हाई. भाकरतुकडा टाकला आन् म्हणाली, "ये सविता." मला वाटलं शेजारच्या बाया हुत्या म्हून. मंग आत गेलो. आत कुणी नव्हतं. तिनं नवी साडी काढली, मी म्हणलं हुतं नगं तरी आणली हुती, डाळिंबी रंगाची. आन् माझ्या गळ्याला हात घातला. मला वाटलं जवळ घेतीया. तिनं टाक बाहीर काढला, साडीचा पदर त्याला लावला आन् त्याच्याकडं बघून म्हणाली, "घ्या बाई, तुमची आधी."

माझ्या आईनं, भागे. आत्याबाईंनी केलं तर मला काय वाटत न्हाई.

आबा जेवताना म्हणाले, "सविते, आमटी वाढ." दादानं ओवाळून घेताना ताटात टाकलं आन् म्हणाला, "सविताताई, सुखी ऱ्हा." दादाचं मला हसू आलं, कारण त्याची जीभ अडखळली. शाळेत पाढे म्हणताना अडखळायचा तसा.

आन् मंग त्या सकाळची गोष्ट. तू दळणाला गेली हुतीस. मी गोठ्यामागं शेण टाकायला गेले. आई आन् बानूबाई चुलीपाशी हुत्या, कुडाला भोक हाय तिथून समदं ऐकू येतं. बानूबाई म्हणाली, "अगं, लेकराला नावानं तरी हाक मार, कसं तोंड झालंय तिचं." आई रडत हुती. आई म्हणाली, "माझ्या तोंडात तेच येतं गं बाये. दिसातून कितींदा येतं. मी जीभ चावते. पुन्यांदा राजी म्हणाले आन् ती वरची ऐकत असली तर? माझी पोर न्हेली तर? नाव गेलं तर जाऊ दे. पोर तर ऱ्हाईल."



मी शेणाची पाटी तिथंच ठिवली, हात धुतले, दादाला म्हणलं मला आत्ताच एष्टीवर घाल. तो म्हणाला काय झालं, मी म्हणलं ललीची आठवण येती. कुणाचा राग करू? आईचा करावा तर तिनं जीभ चावून चावून मला जित्ती ठिवलीय असं तिला वाटतं. त्या सविताचा करावा तर ती मेलीय. न्हावऱ्यापातूर खिडकीकडं तोंड करून बसले. कंडक्टरनं दोनदा इचारलं, कुठं जायचंय बाई, मला सांगताच येईना.

आता हितलं सांगते. डिसेंबरात ललीची आजी आली हुती, त्या सविताची आई. गिताबाई नाव. ललीला फ्रॉक घिऊन आली हुती, ओट्यावर बसली हुती. आत्याबाईंनी आत बघून हाक मारली, "सविता, चहा ठिव गं." आन् ती म्हातारी अशी पटकन उठून हुबी ऱ्हायली. दाराकडं बघायला लागली. तिला वाटलं तिचीच येतीय.

आन् दारात मी.

तिचं तोंड मी इसरणार न्हाई. चहा न पिताच ती माझ्यामागं सैपाकघरात आली आन् म्हणाली, "पोरी, तुझ्या आईनं तुझं काय नाव ठिवलं हुतं?" मी दाराकडं बघितलं. आत्याबाई बाहीर ललीला फ्रॉक घालत हुत्या. मी हळूच म्हणलं, राजश्री. कितींदा म्हणलं तवा तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "चांगलं हाय की. मंग तेच ऱ्हाऊ द्यायचं. माझ्या लेकीचं नाव तिच्यासंगं जाळलं मी. हे कुणाला देताय?" मंग माझ्या गळ्यातला टाक हातात घेतला, डोळ्याजवळ न्हेऊन बघितला. म्हणाली, "ही माझी सविता न्हाई. तिचं नाक चपटं हुतं. सोनाराकडं एकच साचा असतोय, कुणीबी मेली तरी हेच तोंड."

म्हंजी मी रोज पहिला घास कुणाला लावते, देव जाणे. ती न्हाई आन् मी बी न्हाई.

जाताना तिनं माझ्या गालाला हात लावला. "येते गं राजश्री," म्हणाली. आत्याबाईंनी ऐकलं. मला काय बोलल्या न्हाईत, पण त्या दिवशी ललीला ताप भरला आन् मंग बोलल्या. "बघितलंस? नाव घेतलं आन् लगीच दावलं तिनं." मला पण भ्या वाटलं. मी टाकाला हात जोडले. आई आपली येडी न्हाई, हे मला तवा कळलं. ललीचं अंग चुलीवानी तापलं हुतं, भागे. त्या टायमाला कुणी म्हणलं असतं दहा नावं घे, तर मी दहा घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ललीला शिरूरला दवाखान्यात न्हेलं. आत्याबाई बाहीर चिक्कू घ्यायला थांबल्या. आत मी आन् लली. नर्सबाईंनी पोरीचं नाव इचारलं, मी सांगितलं. मंग म्हणाल्या, "तुमचं?"

आता हे कुणाला सांगितलं न्हाई. तिथं माझ्याजवळ कुणी नव्हतं. लली गुंगीत हुती. नर्सबाई पुण्याकडच्या, त्यांना काय म्हाईत. मला वाटलं आता म्हणावं. मोठ्यानं न्हाई, साधं म्हणावं. एका अनोळखी बाईला तरी म्हाईत व्हईल की राजश्री म्हून एक हाय. मी तोंड उघडलं.

"सविता," म्हणलं.

कुणी सांगितलं नव्हतं. आपसूक आलं. आईला जीभ चावावी लागती, मला तर चावावी पण लागली न्हाई.

ललीचा ताप उतरला, औषधानं. आता हुंदडती.

भागे, शाळेत असताना जोशीबाई हजेरी घ्यायच्या ते मला लई आठवतंय. "दोरगे राजश्री पोपट." मी येवढं हळू हजर म्हणायचे की पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "आलीय का गं ही? का हवा बोलतीय?" मला शाळेचा तेवढाच कट्टाळा हुता, दुसरा न्हाई. आठवीत आबांनी काढलं तवा मला मनात बरं वाटलं हुतं की आता रोज हजर म्हणायचं न्हाई. आता वाटतं, फुकट कुणीतरी रोज माझं पुरं नाव घेत हुतं.

तू बोलायला लागलीस तवापासनं मला ताईच म्हणतीस. ते कुणी बदललं न्हाई, कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. तुझ्या पत्रात वर "ताई" बघितलं की बरं वाटतं. पण त्यानं काय झालं, की माझं नाव तुझ्या बी तोंडात कवा आलं न्हाई. आईच्या तोंडातलं ती गिळती. माझ्या तोंडातलं गेलंच.

म्हून तुला येक काम सांगते. घरात करू नगं, आईला भ्या वाटंल. रविवारी शेरडं घिऊन कालव्याकडं जाशील ना, तवा दिवस मावळायच्या आधी, कुणी नसताना, जोशीबाईंसारखं मोठ्यानं म्हण. आधी आडनाव, मंग माझं, मंग आबांचं. एकदाच म्हण. त्यानं काय हुत न्हाई, ललीला बी काय व्हणार न्हाई, मी इच्यार केलाय.

मला काय ऐकू येणार न्हाई. पण त्याच टायमाला मी हितं हिरीवर पाण्याला जाते. मी हजर म्हणीन. या खेपंला मोठ्यानं म्हणीन.

तुझं शिक्षण सोडू नगं. आबांनी स्थळाचं काढलं तर घर कसलं हाय ते मागनं, आधी तांदळात नाव कुठलं लिवणार ते इचार. तुला बोलता येतं. तू इचार.

पत्र वाचून झालं की कालव्यात सोड.

तुझी
ताई