कपाट वळवणाऱ्या विद्यार्थिनीविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गैरप्रकार चौकशी समिती,
वास्तुकला महाविद्यालय.

विषय: तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीविरुद्ध अर्जदाराने स्वतःच केलेली तक्रार रद्द समजण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराची तक्रार, दि. ६ जानेवारी. २) समितीचा निर्णय, दि. २ फेब्रुवारी. ३) अर्जदाराकडून मागवलेला खुलासा, दि. ११ मार्च.

महोदय,

१. अर्जदार या महाविद्यालयात सतरा वर्षे डिझाइनचा स्टुडिओ शिकवते. या काळात तिने नऊ विद्यार्थ्यांना दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवताना पकडले आणि नऊही वेळा तिचा संशय खरा निघाला. ही बढाई नव्हे. दहाव्या वेळी तिला स्वतःच्या नाकावर एवढा भरवसा का होता, ते समितीस कळावे म्हणून नमूद केले आहे.

२. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे विचारक्षमता चाचणी होते. चाळीस प्रश्न असतात. कागदावरचे ठोकळे मनातल्या मनात फिरवून योग्य चित्रावर खूण करायची. गुणांनुसार तीन तुकड्या पडतात. पहिलीला मोकळा विषय, दुसरीला अर्धा आखलेला विषय, आणि तिसरीला तयार नकाशे गिरवायला. ही वाटणी अर्जदारानेच सुचवली होती. वर्गात जिला सगळे ‘घुमी’ म्हणतात ती सदर विद्यार्थिनी या चाचणीत चाळीसपैकी अकरा गुण मिळवून तिसऱ्या तुकडीत आली. तिने लेखी विनंती करून मोकळा विषय मागितला. अर्जदाराने तो दिला, परंतु मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

३. विषय होता दोन मजली दवाखाना. घुमीच्या शीटवर रेषा जाडीभरडी होती, अक्षर वाकडे होते. पण जिना पाहून अर्जदार खुर्चीवरून उठली. लँडिंग, म्हणजे वळणावरची सपाट जागा, नेहमीपेक्षा खोल होते. आतला कोपरा तिरका छाटला होता. वळणावरच्या कठड्याचा एक तुकडा खिट्टी काढून बाजूला करता येत होता आणि तिथेच भिंतीत कमरेच्या उंचीवर एक रुंद फळी होती. स्ट्रेचर उचलणाऱ्यांना मध्येच दम लागला तर टेकवायला. वीस वर्षे इमारती बांधलेल्या माणसालाही हे सुचेलच असे नाही, मग अकरा गुणांच्या मुलीला कुठून सुचावे? काम तपासणाऱ्या ज्युरीसमोर अर्जदाराने विचारले, “हे कुठून आणलंस?” ती म्हणाली, “सुचलं.” “कसं सुचलं?” ती म्हणाली, “चालून बघितलं.” जी इमारत अजून कागदावरच आहे तिच्यात चालून बघितले, या उत्तराची नोंद अर्जदाराने ‘उद्धटपणा’ अशी केली.

४. त्यानंतर अर्जदाराने पाळत ठेवली. घुमीच्या प्रत्येक कोऱ्या कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक खूण केली, म्हणजे बाहेरून काढून आणलेला कागद ओळखू यावा. तिच्या आकड्यांतले सगळे ‘सात’ भिंगाखाली ताडून पाहिले. खुणा जागच्या जागी होत्या आणि सात एकाच हाताचे होते. यावरून ती निर्दोष ठरत नसून पक्की मुरलेली आहे, असा निष्कर्ष अर्जदाराने काढला. मग फाटकावरच्या शिपायाला नजर ठेवायला सांगितले. त्याने चौथ्या दिवशी खबर आणली: “एक दांडगा माणूस टेम्पो घेऊन येतो. ही त्याला कागद दाखवते. तो मान हलवतो, नाहीतर बोट ठेवतो. मग ही खोडते.” एवढे अर्जदाराला पुरेसे होते. संदर्भ क्र. १ ची तक्रार त्याच संध्याकाळी लिहिली.

५. समितीने घुमीला बंद खोलीत तीन तास बसवले. खुर्चीवरून उठायचे नाही, बोलायचे नाही, समोर कोरा कागद आणि विषय ‘शाळेचा जिना’. तीन तासांनी कागद कोराच होता. समितीने वर्ष रद्द केले. त्या दिवशी अर्जदार समाधानाने घरी गेली, हे लपवण्यात अर्थ नाही.

६. फक्त त्या दांडग्या माणसाचे नाव तक्रारीत आले नव्हते, ते अर्जदाराला सलत होते. एका रविवारी सकाळी तिने रिक्षा करून त्याच्या टेम्पोचा पाठलाग केला. टेम्पो एका चार मजली इमारतीपुढे थांबला. अर्जदार दबकत जिना चढली, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लोखंडी कपाट अडकलेले. खालून तो माणूस आणि त्याचे दोन सोबती, आणि वर, पाठमोरी पायऱ्या चढत, मागे न पाहता, घुमी. वर्गात तीन वर्षांत जिचा आवाज अर्जदाराने धड ऐकला नाही, ती मुलगी त्या जिन्यात तिघा पुरुषांना हुकूम सोडत होती. “बाबा, उभं नका करू, वर दिवा आहे. कपाटाचे पाय आधी घ्या. आता तुमचा खांदा भिंतीला लागेल, लागू द्या. थांबा! कठड्यावरून काढू. हां, आता सोडा.” कपाट लोण्यातून सुरी जावी तसे वळले. तिच्या वडिलांना अर्जदार ही वरच्या बिऱ्हाडातली वाटली. ते म्हणाले, “बाई, जरा सरका, बोटं चेंगरतील.”

७. ओळख सांगितल्यावर अर्जदाराने त्यांना तिथल्या तिथे विचारले, “हिचे नकाशे तुम्ही काढता?” ते घाम पुसत म्हणाले, “मला सही येते, तेवढंच. ती कागद दाखवते, विचारते, बाबा, इथून कपाट जाईल का? मी सांगतो, जाईल नाहीतर अडेल. त्यात आणखी काय असतं?” घरसामान हलवणे हा त्यांचा धंदा असून मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी पुढे चालून वाट सांगते. घुमी मात्र अर्जदाराला पाहताच दोरी गुंडाळू लागली.

८. समितीने असे समजू नये की अर्जदाराचा संशय तेवढ्यावर मिटला. बापलेकींनी हा देखावा रचला असेल, असेही तिच्या मनात येऊन गेले. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी, कोणाचीही परवानगी न घेता, घुमीला महाविद्यालयाच्या मागच्या जिन्यावर नेले. घुमीने ड्रॉइंग बोर्ड खांद्यावर घेतला, डोळे मिटले आणि एकदा वर जाऊन खाली आली. मग तिथेच पायरीवर बसून वीस मिनिटांत जिन्याचा प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला. अर्जदाराने टेप लावून मोजले. सर्वांत मोठी चूक दोन बोटांची होती. शिवाय तिने सांगितले की या जिन्यावरून आजारी माणसाला झोपवून खाली आणता येणार नाही. “बसवूनच आणावं लागेल, मॅडम.” हा जिना आपल्याच विभागाने आखलेला आहे.

९. यानंतर अर्जदाराने खोलीचे दार लावून ती चाचणी स्वतः सोडवली. गुण चौदा आले. उत्तरसूची चुकली असेल या संशयाने तिने ती दोनदा तपासली. सूची बरोबर आहे. म्हणजे सतरा वर्षे या स्टुडिओवर तिसऱ्या तुकडीतली बाई बसली होती. कोणी ठोकळा मनात फिरवतो, कोणी अंगाने फिरवतो. दुसऱ्या प्रकाराला आपण विचार म्हणतच नाही. खुर्चीला जखडून तीन तास कोरा कागद दिला, ही परीक्षा नव्हती. पोहणाऱ्याला सतरंजीवर पोहून दाखव म्हणण्यासारखे होते.

१०. हे सर्व अर्जदाराने आपणांस तोंडी सांगितले असता, उत्तरादाखल संदर्भ क्र. ३ चे पत्र आले. त्यात ‘अर्जदाराच्या घरचे सामान सदर इसमाने कधी व कोणत्या मोबदल्यात हलवले’ याचा खुलासा मागितला आहे. खुलासा असा की अर्जदार अकरा वर्षे एकाच घरात राहते आणि तिचे कपाट भिंतीत बांधलेले आहे. समितीस हवे असल्यास येऊन हलवून पाहावे. फाटकावरचा शिपाई आता अर्जदारावर नजर ठेवतो, हेही तिच्या लक्षात आले आहे. तो कामात चोख आहे. त्याला तिनेच शिकवले.

११. परंतु अर्ज करण्याचे खरे कारण पुढचे आहे. गेल्या आठवड्यात अर्जदाराने घुमीला कागद देऊन सांगितले, मनाला येईल ते काढ. तिने एक रेघ ओढली आणि वर पाहून विचारले, “असं चालेल?” पुढची रेघ, पुन्हा, “असं चालेल?” अर्ध्या तासात अकरा वेळा. शेवटी पेन्सिल ठेवून ती म्हणाली, “मॅडम, आधी मला जिना दिसायचा. आता आधी तुम्ही दिसता.” चोरी कोणाची झाली आणि कोणी केली, याचा निर्णय समितीने या वाक्यावरून करावा.

१२. सबब विनंती की संदर्भ क्र. १ ची तक्रार रद्द करावी, सदर विद्यार्थिनीचे वर्ष तिला परत द्यावे, आणि तिचे फेरमूल्यमापन उठण्या-चालण्याची मुभा देऊन करावे. तुकड्यांची वाटणी निदान अर्जदाराच्या नावावर तरी पुढे चालू ठेवू नये.

१३. आणखी एक गैरप्रकार समितीच्या निदर्शनास आणणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. घुमीने महाविद्यालय सोडण्याच्या दाखल्यासाठी सोमवारी अर्ज दिला आहे. तो अर्जदाराच्या सहीने पुढे प्राचार्य साहेबांकडे जायचा असतो. तिचे वडील मंगळवारी आणि काल असे दोनदा दारात येऊन उभे राहिले. “बाई, कागद झाला का? पोरगी म्हणते, आता टेम्पोवरच बरी.” दोन्ही वेळा अर्जदाराने त्यांना सांगितले की साहेब रजेवर आहेत. साहेब रजेवर नव्हते. अर्जदाराने हेतुपुरस्सर खोटे सांगितले असून तो अर्ज दाबून ठेवला आहे. याबद्दल नियमानुसार जी कारवाई होईल ती तिला मान्य आहे. मात्र वरील विनंतीचा निकाल लागेपर्यंत त्यावर ती सही करणार नाही, आणि तो कागद कोणाच्या हातीही देणार नाही.

आपली,
परिच्छेद १३ वगळता आज्ञाधारक,
(सही)
अधिव्याख्याता, डिझाइन स्टुडिओ

दिनांक: १९ मार्च

सोबत:
१) मागच्या जिन्याचा प्लॅन व सेक्शन, विद्यार्थिनीच्या हातचा, अर्जदाराने टेपने घेतलेल्या मापांसह.
२) अर्जदाराची विचारक्षमता चाचणीची उत्तरपत्रिका, गुण चौदा.
३) एक कागद, त्यावर अकरा रेघा.
४) दाखल्याचा अर्ज: जोडलेला नाही.